पाऊस असो, थंडी असो : निवृत्तांच्या रोजच्या चालण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्वती पायथा, सारसबाग आणि तळजाई या पट्ट्यात आम्ही काही निवृत्त मंडळी रोज सकाळी एकत्र चालतो. नवीन येणारे तेच ते प्रश्न विचारतात, आणि उत्तरं द्यायला प्रत्येकजण पुढे सरसावतो, त्यामुळे एका प्रश्नाची चार उत्तरं मिळतात. म्हणून एकदाच लिहून ठेवलं आहे.

हा गट नेमका कसला आहे?

मित्रमंडळींचा. गटाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. नाव ठेवायचा प्रस्ताव दोनदा आला आणि दोन्ही वेळा नावावरून इतका वाद झाला की तो बारगळला. बँक, एसटी, शाळा, टेलिफोन खातं, किर्लोस्करांसारखे कारखाने अशा सगळीकडून निवृत्त झालेले लोक आहेत. काहीजणी आयुष्यभर घर सांभाळून आता पहिल्यांदाच स्वतःसाठी तासभर काढतात. त्यांना निवृत्त म्हणायचं की नाही, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं : "आम्हाला कुठली निवृत्ती?"

वेळ आणि जागा काय?

होळी ते कोजागिरी सव्वासहा, कोजागिरी ते होळी सात. पुण्यात जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं आणि जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो. अंधारात खड्डा दिसत नाही, म्हणून हा फरक. जागा मात्र बारा महिने एकच, पर्वतीच्या पायथ्याजवळचं अमृततुल्य. त्याच्यापुढे पत्र्याची शेड आहे, आणि तीच जागा निवडण्याचं खरं कारण ती शेड आहे.

पाऊस असेल तर येऊ नये ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि उत्तर असं, की पाऊस असेल तरी यायचं. चालायचं की नाही, कुठे आणि किती, ते तिथे आल्यावर ठरतं. घरच्या खिडकीतून ठरवायचं नाही. खिडकीतून पाऊस नेहमी जास्तच दिसतो.

आम्ही दिवसांचे तीन प्रकार केले आहेत. कोरडं असेल तर टेकडीचा दिवस, म्हणजे तळजाई, नाहीतर पर्वती. ओल असेल तर सपाटीचा दिवस, म्हणजे सारसबाग आणि आजूबाजूचे बरे फुटपाथ. धो धो कोसळत असेल तर पत्र्याखालचा दिवस. त्या दिवशी जवळच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो (आमच्यातले दोघे तिथे राहतात, वॉचमनची ओळख आहे) आणि मग चहा. जो पहिला पोचतो तो आभाळ बघून प्रकार ठरवतो. त्यावर हरकत घेता येते, पण पाचच मिनिटं.

पुण्याच्या पावसाचा उगाच बाऊ करू नये. वर्षभरात इथे साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, तर तासाभराच्या अंतरावर लोणावळ्यात चार हजारांच्या वर. सह्याद्री बहुतेक पाऊस आधीच अडवून घेतो आणि आपल्या वाट्याला रिमझिम येते. जुलै-ऑगस्टच्या बहुतेक सकाळी भुरभुर असते, तिच्यात माणूस मजेत चालू शकतो. तळजाईवर तेव्हा गवत कमरेएवढं वाढतं आणि मोरांची ओरड ऐकू येते. ते दिवस घरी बसून घालवणं हा मूर्खपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

धोका पाण्यात नसतो, पायाखाली असतो. पर्वतीच्या शंभरावर दगडी पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून त्या चार महिन्यांत पर्वती बंद. फरशी बसवलेले गुळगुळीत फुटपाथ, गटाराची लोखंडी जाळी, रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे आणि ओली पानं या चारांवरून पाय घसरतो. साचलेल्या पाण्यातून तर जायचंच नाही. खाली झाकण आहे की नाही कोण सांगणार? खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकराला सांगायला नको. तरी "बघून येऊ जरा किती पाणी आहे" म्हणणारे एकदोन असतातच. त्यांना पुलावरून बघायला सांगतो, पात्रातून नाही.

छत्री बरी की रेनकोट?

भुरभुर असेल तर छत्री, वारा असेल तर रेनकोट. लांब दांड्याची जुन्या पद्धतीची छत्री मिटली की काठी होते, म्हणून ज्येष्ठांना तीच बरी. तीन घड्यांची छत्री पर्समध्ये बसते एवढाच तिचा गुण. काठी आणि छत्री दोन्ही हातात धरून चालू नये. तोल गेला तर एक हात मोकळा हवा. चपला नकोत, प्लास्टिकच्या तर मुळीच नकोत. मागून पट्टा असलेल्या, खाली खोल नक्षी असलेल्या सँडल पावसाळ्यात बुटांपेक्षा सोयीच्या, लवकर वाळतात. मधुमेह असलेल्यांनी मात्र पायाची बोटं झाकलेलीच असू द्यावीत आणि घरी गेल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

विजा चमकत असतील तर?

तर टेकडी नाही. यावर चर्चा नाही, पाच मिनिटांचीसुद्धा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते असं धरायचं, पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं. झाडाखाली उभं राहायचं नाही. मुळात पावसाळ्यातल्या संततधारेपेक्षा एप्रिल-मेचा वळीव जास्त वाईट, आणि तो बहुतेक दुपारनंतर येतो. म्हणजे संध्याकाळी फिरणाऱ्यांनी जास्त सावध असावं. वळवाच्या वाऱ्यात गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाच्या फांद्या हमखास मोडतात.

पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं काढलेलं 'दामिनी' ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं. नातवाकडून मोबाईलमध्ये घालून घ्या. हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी कोणी आलं नाही तरी चालतं. (खातं चुकतं, अशी थट्टा आमच्यात रोज चालते. पण १९२८ साली त्या खात्याचं मुख्यालय शिमल्याहून आपल्या शिवाजीनगरात आलं, त्यावरून चौकाला आजही शिमला ऑफिस म्हणतात. तेव्हा पुणेकरानं थट्टा जरा जपून करावी.)

उन्हाळ्यात कसं जमतं?

लवकर निघून, सव्वासातच्या आत सावलीत परत येऊन. मेमध्ये टेकडी अर्धीच. वय वाढलं की तहान उशिरा आणि कमी लागते, म्हणून तहान लागायची वाट न बघता निघताना एक पेला पाणी प्यायचं आणि बाटली बरोबर ठेवायची. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं यांपैकी काही जाणवलं की बसायचं आणि सांगायचं. "काही नाही हो, होतं असं" म्हणणारा माणूस गटाला सगळ्यात जास्त घोर लावतो. परतल्यावर ताक. पन्हंही छान, पण त्यातला गूळ मोजणीत धरा.

थंडीत?

पुण्याची थंडी म्हणजे चालायचा खरा मोसम. फक्त एकदम बाहेर पडून झपाझप सुटू नये. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, म्हणून पहिली दहा मिनिटं रमतगमत. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे, एक काढता येतो. थंडी वाढली की सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. आमच्या कानटोप्याही त्याच दिवशी बाहेर निघतात. त्याआधी काढली तर मंडळी चिडवतात.

खरी अडचण हवेची आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे शेकोट्यांचा, कचऱ्याचा आणि गाड्यांचा धूर वर न जाता खालीच साचतो. लांबून ते सुंदर धुकं वाटतं. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दोनशेच्या वर असेल, म्हणजे 'वाईट' या गटात, तर दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी ऊन पडल्यावर, आठनंतर चालावं. दिवाळीचे दोनतीन दिवस आम्ही सगळेच उशिरा निघतो. दिवाळीच्या पहाटे सारसबागेत तरुणांची एवढी गर्दी असते की चालायला जागाही नसते.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं यंत्र विकताना पुढे आला. आकडा गोल आहे, म्हणून टिकला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक उरला नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रम सुचवते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. आमच्यातले एकजण चढावरही नाट्यगीत म्हणतात. त्यांना जरा वेग वाढवायला सांगितलं आहे.

त्याच शिफारशींत तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा सांगितले आहेत, ते सगळे विसरतात. आम्ही चहाच्या आधी कट्ट्याला हात लावून एका पायावर उभे राहतो, आणि हातांचा आधार न घेता दहा वेळा बसतो-उठतो. रस्त्यावरचे लोक बघतात. बघू देत.

मी हळू चालतो. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल.

असं म्हणून न आलेले लोक बरेच आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गटात दोन चाली आहेत, एक्स्प्रेस आणि पॅसेंजर. नावं अर्थातच रेल्वेतून निवृत्त झालेल्या सदस्यानं ठेवली. युक्ती अशी की आम्ही अंतर ठरवत नाही, वेळ ठरवतो. सगळे एकाच वेळी, एकाच रस्त्यानं निघतात. पंचवीस मिनिटं झाली की जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं. एक्स्प्रेसवाले पार पुढे गेलेले असतात, पॅसेंजरवाले निम्म्यावर. पण आपापल्या चालीनं परतताना सगळे साधारण एकाच वेळी पायथ्याला पोचतात. कोणी कोणासाठी थांबत नाही, कोणी मागे राहिल्यासारखं वाटून घेत नाही, आणि चहा सगळ्यांचा एकत्र होतो. शिवाय परतीच्या वाटेवर वेगवाले मागून येऊन गाठतात, तेव्हा शेवटची पाच मिनिटं आपोआप एकच घोळका होतो.

दुसरा नियम शेपटाचा. रोज एकजण शेवटी चालतो आणि त्याच्या मागे कोणीही नसतं. पाळी फिरती असते. वेगवाल्यांनाही शेपूट व्हावं लागतं, आणि त्यांना ते सुरुवातीला जड जातं. महिन्याभरात त्यांना कळतं की सगळ्या चांगल्या गप्पा मागेच होतात.

हळू चालणाऱ्याला "चला, चला" म्हणायचं नाही. तसंच "तुम्ही बसा इथेच, आम्ही येतो जाऊन" हेही नाही.

गुडघे दुखतात. चालावं की नको?

झीज असेल तर सपाटीवर बेतानं चालणं बहुतेकांना फायद्याचं ठरतं, पण आधी डॉक्टरांना दाखवून. चालून आल्यावर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं, तर दुसऱ्या दिवशी अंतर कमी करायचं. गुडघ्यावर चढण्यापेक्षा उतरताना ताण जास्त येतो, म्हणून टेकडी चढता आली म्हणजे जमली असं नाही. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरायची. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. गुडघे बदललेल्या दोघी आमच्यात आहेत आणि त्या पॅसेंजरच्या पुढे असतात.

पोटरीत चालताना गोळा येऊन थांबलं की बरं वाटत असेल, तर ते गुडघ्याचं नाही. पायाच्या रक्तवाहिनीचं असू शकतं, दाखवून घ्या.

मधुमेह, रक्तदाब असलेल्यांसाठी काही नियम?

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अगदी रिकाम्या पोटी येऊ नये. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखरेच्या गोळ्या हव्यात. दरदरून घाम, थरथर, भांबावल्यासारखं होणं ही साखर उतरल्याची लक्षणं. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं बसून राहणं, फरक पडला नाही तर पुन्हा साखर. अशा वेळी "मला डायबेटिस आहे, साखर कशी खाऊ" असं म्हणणारे निघतात. तीच वेळ साखर खायची असते.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, विनाकारण धाप असं काही झालं तर एकानं १०८ ला फोन करायचा, दुसऱ्यानं घरी. दोघांनी मिळून ॲसिडिटीवर चर्चा करायची नाही. प्रत्येकाच्या खिशात एक कागद असतो : नाव, रक्तगट, चालू औषधं, घरचा फोन. मोबाईल लॉक असतो, कागद लॉक नसतो.

भटक्या कुत्र्यांचं काय?

घोळक्यात कमी त्रास देतात. पळायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही, काठी उगारायची नाही. ओरखडा जरी निघाला तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. आमच्यातल्या एक काकू सोबत बिस्किटं आणतात. त्यांच्याबरोबर चालणं सुरक्षित असतं की उलट, यावर गटात दोन तट आहेत.

बायकांना येता येतं का? नवरा-बायको दोघांनी यावं का?

येतं, येतातही. जोडप्यांनी यावं, पण शक्यतो वेगवेगळ्या चालीत चालावं. घरातले विषय घरात राहतात आणि दोघांना दिवसभर एकमेकांना सांगायला काहीतरी नवीन मिळतं. हा नियम नव्हे, अनुभव. एकट्या येणाऱ्या भगिनींना टेकडीवर एकटीनं पुढे जाऊ देत नाही. हे त्यातल्या काहींना आवडत नाही, त्यावर त्या आणि शेपूट काय ते बघून घेतात.

गप्पांना काही बंधन?

टेकडीवर राजकारण नाही. खाली आल्यावर, चहा संपेपर्यंत, चालतं. दुखण्यांचं पुराण रोज प्रत्येकी दोन वाक्यं. मुलांच्या पगाराची विचारणा नाही. ग्रुपवर सुप्रभातची फुलं पाठवायची नाहीत, कारण आत्ता तर भेटलो! ग्रुप फक्त "आज सपाटी" आणि "मी येत नाही" एवढ्यासाठी आहे.

एखाद्या दिवशी आलो नाही तर?

"येत नाही" एवढं लिहा, कारण लिहू नका. कारणं द्यायचं आपलं वय गेलं. न कळवता आला नाहीत तर चहाच्या वेळी फोन येईल. उचलला नाहीत तर वाटेत घर असलेला कोणीतरी बेल वाजवेल. हे ऐकून काहींना पाळत ठेवल्यासारखं वाटतं. पण आमच्यात एकटे राहणारे बरेच आहेत. मुलं बंगळुरूला नाहीतर बोस्टनला, आणि कामवाल्या बाई येतात अकरा वाजता. बाथरूममध्ये पाय घसरला तर अकरापर्यंत कोणाला कळणार? चालण्यानं पायांचं काय व्हायचं ते होवो, सकाळी साडेसातला आपली कोणीतरी मोजदाद करतं, याला किंमत आहे. म्हणूनच मुसळधार पावसातही भेटायचं ठेवलं आहे. पत्र्याखालच्या दिवशी चालणं वीस मिनिटंही होत नाही, पण मोजदाद होते.

जोडीदार गेल्यावर माणूस येणं थांबवतो. तेव्हा आम्ही "या हो, मन रमेल" असं सांगत नाही. तेराव्यानंतर एकजण रोज ठरल्या वेळी त्यांच्या फाटकापाशी जाऊन उभा राहतो. आले तर ठीक, नाहीतर दहा मिनिटांनी निघायचं. काही महिने लागू शकतात.

आम्ही सहा महिने अमेरिकेला असतो. तिकडे काय करावं?

न्यू जर्सीच्या जानेवारीत फुटपाथवर बर्फाचा काचेसारखा थर असतो, तिथे पर्वतीचा अनुभव कामाचा नाही. तिकडे बऱ्याच ठिकाणी मॉल दुकानं उघडण्याआधी चालणाऱ्यांसाठी खुले असतात. मुलाला सकाळी सोडायला सांगा. तिथेही दोनचार मराठी किंवा गुजराती आजीआजोबा भेटतात, गट जमतो. परत आलात की जेट लॅग जाईपर्यंत पॅसेंजर.

सहली असतात का?

महिन्यातून एखादी, आणि शक्यतो एसटीनं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट आणि महिलांना अर्धं. त्यामुळे खर्चाचा हिशेब करताना वयाचा दाखला लपवणारा कोणी उरत नाही. आषाढात पालखी पुण्याहून सासवडला निघते, तेव्हा काहीजण हडपसरपर्यंत तिच्याबरोबर चालतात. दिवे घाटाचा चढ आम्ही झेपेल त्यांच्यावर सोडला आहे. तिथे गर्दीत शेपूट राखता येत नाही.

सामील व्हायला काय करावं लागतं?

ठरल्या वेळी अमृततुल्यापाशी या. बरोबर पाण्याची बाटली, खिशात तो कागद, पायात बरी पादत्राणं. पहिला आठवडा पॅसेंजरमध्येच चालायचं, तुम्ही कितीही तंदुरुस्त असलात तरी. पहिल्या दिवशी चहाचे पैसे तुमच्याकडून घेत नाही. दुसऱ्या दिवसापासून ज्याचा त्यानं द्यायचा, आणि सुटे आणायचे.